पूर मोजायला मारुती पुरतो

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर आकडा ऐकतात क्युसेकमध्ये, पण समजून घेतात गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीवरून. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं, गळ्याशी आलं. एवढं कळलं की सराफ बाजारातल्या माणसाला दुकानातलं काय हलवायचं आणि किती घाईने, याचा अंदाज येतो. त्या वेळी मारुतीच्या मनात काय चाललंय असं कुणी विचारत नाही. तो जागचा हलत नाही, त्याची उंची बदलत नाही, म्हणूनच पुराची उंची कळते.

कल्पनेवर उभ्या असलेल्या कादंबऱ्यांबद्दलची एक जुनी तक्रार वाचली की मला हा मारुती आठवतो. तक्रार अशी असते: कल्पना जबरदस्त आहे, पण माणसं पुठ्ठ्याची आहेत. तक्रार बहुतेक वेळा खरी असते. त्यावरून पुस्तक खाली ठेवण्याचा निष्कर्ष मात्र मला पटत नाही. अशा कादंबरीत पूर म्हणजे कल्पना आणि माणसं म्हणजे मोजपट्टी. मोजपट्टी साधी असली तरी चालते, फक्त ती पाण्यात उभी पाहिजे आणि तिच्यावरच्या खुणा खऱ्या पाहिजेत.

आपल्या भाषेत या तक्रारीला आणखी एक कारण आहे. 'कादंबरी' हा शब्दच बाणभट्टाच्या नायिकेचं नाव आहे. मराठीने या साहित्यप्रकाराला एका पात्राचंच नाव दिलं, तेव्हा पानं उलटताना आपण आधी माणूस शोधतो यात नवल नाही. पण रसांच्या यादीत अद्भुतही आहे आणि त्याचा स्थायीभाव विस्मय. करुणरसाच्या अपेक्षेने अद्भुतरसाचं पुस्तक उघडलं तर ते कोरडंच लागणार.

उदाहरण म्हणून एकच पुस्तक घेतो, कारण त्यात हे दोन्ही टोकाला गेलं आहे. आर्थर सी. क्लार्क यांची १९७३ सालची विज्ञानकादंबरी 'राँदेव्हू विथ रामा'. तिला नेब्युला आणि ह्यूगो हे दोन्ही पुरस्कार मिळाले, आणि पात्रं सपाट असल्याचा ठपका तिच्यावर तेव्हापासून आजपर्यंत आहे. पुढे कथेतले काही टप्पे येतील, शेवट सांगणार नाही.

सुरुवात २०७७ मध्ये. इटलीवर अशनी कोसळतो, पादुआ आणि व्हेरोना नष्ट होतात, व्हेनिस बुडतं. पुन्हा असं होऊ नये म्हणून आकाशावर पहारा ठेवणारी 'स्पेसगार्ड' यंत्रणा उभी राहते. मराठी वाचकाने इथे लोणार डोळ्यांसमोर आणावं. बेसॉल्टमध्ये पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आणि तोच दख्खनचा बेसॉल्ट पांडवलेण्यांच्या भिंतीत हाताला लागतो. नासाने १९९२ मध्ये पृथ्वीजवळच्या लघुग्रहांच्या शोधाबद्दल अहवाल केला तेव्हा 'स्पेसगार्ड' हे नाव याच कादंबरीतून उचललं.

मग २१३० च्या दशकात सूर्यमालेबाहेरून एक वस्तू येताना दिसते. ग्रीक-रोमन देवतांची नावं वापरून संपलेली असल्यामुळे खगोलशास्त्रज्ञ आता हिंदू देवतांकडे वळलेले असतात, म्हणून नाव पडतं रामा. पंचवटीत राहणाऱ्या वाचकाचं लक्ष इथेच वेधलं जातं. जवळून पाहिल्यावर कळतं की हा लघुग्रह नव्हे. हे ५० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर व्यासाचं गुळगुळीत नळकांडं आहे, दर चार मिनिटांना स्वतःभोवती एक फेरी मारणारं. आतून पोकळ. कमांडर नॉर्टनच्या 'एन्डेव्हर' यानाची तुकडी आत शिरते आणि सूर्याजवळून रामा पुढे निघून जाण्याआधी जमेल तेवढं पाहून घेते. एवढीच कथा.

या पुस्तकाचा आनंद घ्यायचा तर कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. आतली पोकळी १६ किलोमीटर व्यासाची, म्हणजे त्रिज्या ८. हे अंतर डोळ्यांसमोर आणायचं तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून नाशिकरोड स्टेशनपर्यंतचा रस्ता घ्या, तो साधारण तेवढाच. मात्र तो रस्ता आडवा न धरता सरळ वर डोक्यावर उभा करा, म्हणजे नळकांड्याचा अक्ष कुठे आहे ते कळेल. त्याच्याही पुढे तेवढंच अंतर गेलं की समोरची जमीन, आणि तिथला माणूस तुमच्याकडे डोकं करून उभा. आतला परीघ येतो सुमारे ५० किलोमीटर. लांबीही ५० धरली तर चालण्याजोगी जमीन झाली सुमारे २,५०० चौरस किलोमीटर, नाशिक जिल्ह्याच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी.

आता वजन. नळकांडं फिरतं म्हणून माणूस आतल्या जमिनीवर दाबला जातो, तेच तिथलं वजन. परीघ ५०.२७ किलोमीटर, वेळ २४० सेकंद, म्हणून आतल्या जमिनीचा वेग सेकंदाला २०९ मीटर, ताशी ७५० किलोमीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की ५.४८ मीटर प्रतिसेकंद वर्ग मिळतात. पृथ्वीच्या ९.८ शी तुलना केली तर ०.५६. इथे ६० किलो भरणारा माणूस तिथल्या स्प्रिंगच्या काट्यावर ३३-३४ किलो भरेल. हा हिशोब चुकतो तो दोन ठिकाणी. पहिली चूक म्हणजे बाहेरची १० किलोमीटर त्रिज्या घेणं. मग उत्तर ०.७ येतं, पण माणसं आतल्या पृष्ठभागावर चालतात, बाहेरच्या नव्हे. दुसरी चूक म्हणजे चार मिनिटांचे सेकंद करायला विसरणं.

त्रिज्या निम्मी झाली की वजनही निम्मं होतं, आणि हे कळल्यावर पुस्तकातला जिना वेगळाच दिसू लागतो. अक्षापासून मैदानापर्यंत उतरणाऱ्या तीन अजस्र जिन्यांवर सुरुवातीला माणूस जवळजवळ तरंगतो, ४ किलोमीटरवर त्याचं वजन पृथ्वीच्या ०.२८ पट होतं, आणि तळाशी ०.५६. सप्तशृंगीच्या पायऱ्या चढताना वर जावं तसा दम लागत जातो. इथे उलट आहे. परत जाताना सगळ्यात जड पायऱ्या सगळ्यात खालच्या, आणि जितकं वर जावं तितकं सोपं. लेखकाने हे दोन-चार वाक्यांत सांगून सोडून दिलंय. पायात वजनाचा तो बदल वाचकाने स्वतः भरायचा असतो.

मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे दंडगोल समुद्र. नळकांड्याच्या मध्यावर १० किलोमीटर रुंदीचा पाण्याचा पट्टा आतून पूर्ण गोल फिरतो, म्हणजे समुद्र तुमच्या डोक्यावरही आहे. नळकांड्याच्या दोन टोकांना पुस्तकात उत्तर आणि दक्षिण म्हटलंय. समुद्राचा उत्तरेचा कडा ५० मीटर उंच आणि दक्षिणेचा ५०० मीटर. पहिल्या वाचनात हे नुसतं वर्णन वाटतं. मग प्रश्न पडतो: दोन कडे दहापट वेगळे का?

एसटीत अर्धी भरलेली पाण्याची बाटली मांडीवर आडवी धरा आणि गाडी सुटताना पाहा. पाणी मागच्या टोकाला चढतं. रामा उत्तरेकडे वेग घेऊ लागला की समुद्र दक्षिणेकडे चढणार, आणि तो मैदानावर सांडू नये म्हणून तिकडची भिंत ५०० मीटरची. यावरून रामा जास्तीत जास्त किती जोराने वेग वाढवू शकेल हेही काढता येतं. समुद्राच्या मध्यापासून दक्षिण काठ ५ किलोमीटर, चढायला वाव ५०० मीटर, म्हणजे उतार दहास एक. म्हणून त्वरण त्या जागेच्या गुरुत्वाच्या एक दशांश, साधारण ०.५५ मीटर प्रतिसेकंद वर्ग. हिशोब ढोबळ आहे, समुद्राची खोली आणि पृष्ठभागाचा गोलावा यात धरलेला नाही. तरीही बघा: या गतीने ताशी ३६ किलोमीटरचा वेग यायला १८ सेकंद लागतील. शहरातली बस याहून लवकर वेग घेते. पण बस थांब्यावर थांबते आणि रामा थांबत नाही. एवढ्याच जोराने दिवसभर गेला तर वेगात सेकंदाला ४७ किलोमीटरची भर पडेल.

आणि उत्तरेचा कडा ५० मीटरच का? कारण उत्तरेकडे पाणी ढकललं जाण्याची वेळच येऊ नये अशी बांधणी आहे. मग याला वेग कमी कसा करता येईल? अख्खं यान उलटं वळवूनच. यातलं मला काहीच कुणी पात्राने मन मोकळं करून सांगितलेलं नाही. दोन भिंतींच्या उंचीतून एका अनोळखी संस्कृतीची प्रवास करण्याची रीत कळते. ज्यांनी हे बांधलं ते कादंबरीत भेटतही नाहीत, आणि त्यांच्याबद्दल नॉर्टनपेक्षा जास्त कळतं.

हे सगळं कागदावर करून पाहण्यासारखं आहे, आणि प्रमाण इतकं सोयीचं जमतं की न करणं चुकीचं ठरेल. १ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. स्टेशनरीच्या दुकानात ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा जाड ड्रॉइंग पेपर मिळतो. त्यातून ५० सेंटिमीटर लांबीचा आणि ५१.८ रुंदीचा तुकडा कापा. रुंदीतले ५०.३ परिघाचे आणि दीड सेंटिमीटर चिकटवायचे. लांबीच्या मध्यावर, म्हणजे २० ते ३० सेंटिमीटरच्या दरम्यान, निळा पट्टा रंगवा. उत्तरेच्या मैदानावर लांबीच्या दिशेने तीन रेषा समान अंतरावर, साधारण १६.८ सेंटिमीटरवर एक, आणि तशाच तीन दक्षिणेला. या रामाच्या सहा प्रकाशदऱ्या, म्हणजे आत उजेड देणाऱ्या लांब खाचा. निळ्या पट्ट्याच्या दक्षिण काठावर ५ मिलिमीटर उंचीची पुठ्ठ्याची पट्टी उभी चिकटवा, ती झाली ५०० मीटरची भिंत. उत्तरेची भिंत या मापात अर्ध्या मिलिमीटरची येते, तिथे जाड कागदाची कडच पुरते. मग गुंडाळा, चित्र आत ठेवून. इथेच बहुतेकांचं चुकतं, सवयीने रंगवलेली बाजू बाहेर येते आणि पृथ्वीचा गोल होतो. दुसरी अडचण म्हणजे पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळताना मोडते. तिला दर २ सेंटिमीटरवर अर्धवट चिरा द्या किंवा नळी चिकटवून झाल्यावर आत हात घालून लावा. १६ सेंटिमीटर व्यासात हात सहज जातो.

फिरत्या जागेत हलत्या वस्तूला बाजूला सरकवणारं भासमान बल, म्हणजे कोरिऑलिस, समजायला केक सजवायची फिरती तबकडी घ्या. वर कागदाची चकती डिंकाने बसवा. तबकडीला न टेकता तिच्यावर एक पट्टी आडवी धरा, एका माणसाने तबकडी चार सेकंदांत एक फेरी इतक्या सावकाश फिरवायची आणि दुसऱ्याने पट्टीच्या कडेने केंद्रापासून बाहेर सरळ रेष ओढायची. हात सरळ गेला तरी कागदावर रेष वाकडी उमटते. जोरात फिरवलं तर नुसती गोगलगाय होते आणि काही कळत नाही. पट्टी कागदाला टेकली तर तबकडी अडखळते आणि रेषेला खोटी वळणं पडतात.

हे पाहिलं की पुस्तकातलं वादळ कळतं. सूर्याची उष्णता बाहेरच्या कवचातून आत येते, म्हणून गोठलेला समुद्र तळाकडून वितळतो. हवा तापते, अक्षाकडे चढते, आणि मैदानावरचा ताशी ७५० किलोमीटरचा वेग तिच्याबरोबर येतो, पण अक्षापाशी जमिनीला वेगच नाही. दूर बसलेला शास्त्रज्ञ हा हिशोब करून चक्रीवादळाचा इशारा देतो. ५०० मीटरच्या कड्यावरून दगड सोडला तर, हवेचा अडथळा बाजूला ठेवून, तो १४ सेकंदांनी कड्याच्या पायथ्यापासून सुमारे १२६ मीटर बाजूला सरकून पडेल. ५० मीटरवरून सोडला तर जेमतेम पावणेचार मीटर. पुस्तकात तुकडीतला जिमी पाक याच मोठ्या कड्यावरून उडी मारतो. हा आकडा माहीत असला की ते पान वाचताना श्वास रोखला जातो, आणि त्यासाठी जिमीचं बालपण ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

आता माणसांकडे. वाचताना एका कागदावर पात्रांची नावं लिहा आणि पुढे स्वभाव न लिहिता काम लिहा. नॉर्टन: निर्णय. मर्सर: जिन्यावरून पहिला उतरणारा. लॉरा अर्न्स्ट: डॉक्टर. रूबी बार्न्स: तराफा. जिमी पाक: उडती सायकल. रॉड्रिगो: श्रद्धा आणि बॉम्ब. पेरेरा: दुरून अंदाज. यादी तयार झाली की नावांचा घोळ थांबतो, आणि दिसतं की प्रत्येकाला रामाच्या एकेका भागावर उभं केलंय: जिना, समुद्र, हवा, दक्षिण टोक. सातही मारुती वेगवेगळ्या पाण्यात.

मुख्य म्हणजे यातलं कुणीही मूर्ख नाही. हा निकष मी कल्पनेवरच्या प्रत्येक कादंबरीला लावतो. पात्र पातळ असलं तर वाचक आपल्या डोळ्यांनी पाहू शकतो. पात्र मूर्ख असलं, हातातला दिवा विसरतं, दार उघडं टाकतं, सांगायची गोष्ट सांगत नाही, आणि कथा त्याच चुकीवर पुढे सरकते, तर जे घडतं ते कल्पनेतून न घडता चुकीतून घडतं. मग ती कल्पना मांडण्यात अर्थच उरत नाही. नॉर्टनची माणसं पुढचा योग्य प्रश्न विचारतात, उत्तर मिळालं की थांबतात, धोका दिसला की मागे फिरतात. सपाट आहेत, पण त्यांच्या खुणा खऱ्या आहेत.

तरीही या पुस्तकाला सगळं माफ करावं असं मी म्हणणार नाही. वजनरहित अवस्थेत स्त्रियांचं शरीर पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित करतं अशा अर्थाचा एक परिच्छेद त्यात आहे. तो १९७३ मध्येही वाईट होता. नॉर्टनच्या दोन बायका आहेत, एक पृथ्वीवर आणि एक मंगळावर, आणि त्यातून कथेत काहीच निघत नाही. हे दोन्ही डाग कल्पनेच्या बाहेरच्या बाजूला आहेत, वाईट वाटतं आणि पान उलटता येतं.

दोन दोष मात्र मला आतल्या बाजूचे वाटतात. यानावर कामाला जनुकीय बदल करून हुशार केलेली चिंपांझी माकडं आहेत. दुसऱ्या बुद्धिमान जीवांशी माणसाची गाठ कशी पडेल हा ज्या पुस्तकाचा विषय, त्यात माणसाने स्वतः घडवलेली बुद्धी चाकरीला ठेवलेली आहे, आणि कुणालाही त्याबद्दल प्रश्न पडत नाही. मोजपट्टीवर एक खूणच नाही. दुसरा दोष बुध ग्रहावर वसलेल्या माणसांच्या क्षेपणास्त्राचा. रामा धोकादायक असू शकतो म्हणून ते त्याच्याजवळ बॉम्ब आणून ठेवतात, आणि तो निकामी करायचा की नाही हे नॉर्टनला ठरवायचं असतं. संपूर्ण पुस्तकात हीच एक जागा अशी आहे जिथे हिशोब कामाला येत नाही, आतून घडलेला माणूस लागतो. रॉड्रिगोच्या श्रद्धेमुळे ती थोडी तरते. नॉर्टन मात्र इतक्या थोड्या पानांत मोकळा होतो की पुन्हा वाचताना मी दर वेळी तिथे अडतो.

म्हणून उपाय काय, माणसं भरायची? तोही प्रयोग झाला. क्लार्क आणि जेन्ट्री ली यांच्या नावावर १९८९, १९९१ आणि १९९३ मध्ये तीन पुढचे भाग आले. त्यात कुटुंबं आहेत, भांडणं आहेत, कटकारस्थानं आहेत, माणसांना भूतकाळ आहे. आणि रामा मागे सरकतो, घरामागच्या भिंतीसारखा. पहिल्या पुस्तकाने जे प्रश्न उघडे ठेवले त्यांची उत्तरं देऊन ते प्रश्न लहान केले. ज्यांना पात्रं हवी असतील त्यांनी हे भाग जरूर वाचावेत. माझं मत विचाराल तर पहिला भाग एकटाच पुरेसा आहे.

मराठीत हा वाद नवा नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे कथा कथा म्हणूनच तपासली जाईल. तिला पहिलं बक्षीस मिळालं. डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशिकला झालं तेव्हा अध्यक्ष तेच होते. 'विज्ञानकथेत माणूस कुठे असतो?' हे विचारणाऱ्यांच्याच शहरात तो मान विज्ञानकथाकाराला मिळाला, याचं मला फार मोल वाटतं.

आता थोडं वाचनमंडळासाठी. चार जण असले तर पुस्तक प्रसंगांच्या चार वाट्यांत वाटून घ्या: आत शिरेपर्यंत, दिवे लागेपर्यंत, दक्षिण टोकाची सफर, आणि बाकी उरलेलं. प्रत्येक बैठकीत पहिली २० मिनिटं माणसांबद्दल बोलणं बंद. फक्त 'असं असेल तर आणखी काय असायला हवं?' एवढाच प्रश्न. सांडपाणी कुठे जातं, आवाज किती वेळाने पलीकडून परत येतो (१६ किलोमीटर जाऊन परत यायला साधारण दीड मिनिट), सावली कुठे पडते. सहा प्रकाशदऱ्यांमुळे सावल्यांचं उत्तर सहज निघत नाही. तिथे कागदाचं मॉडेल उपयोगी पडतं. मग माणसांवर हवं तेवढं भांडा.

२०१७ मध्ये ओमुआमुआ आला, २०१९ मध्ये बोरिसोव्ह, जुलै २०२५ मध्ये ३आय/अ‍ॅटलस. सूर्यमालेबाहेरून आलेले हे तीन पाहुणे आपण खरेच पाहिले आहेत. बैठकीच्या दिवशी मॉडेल टेबलावर आडवं ठेवा, खोलीतले दिवे बंद करा, आणि दक्षिणेच्या टोकातून मोबाइलचा टॉर्च आत लावून उत्तरेच्या टोकाला डोळा टेकवा. निळा पट्टा खालून वर जातो, डोक्यावरून पलीकडे उतरतो, आणि ५ मिलिमीटरच्या भिंतीची सावली उत्तरेकडे निळ्या पाण्यावर पडते.